झाक ताती सोसायटीच्या हॉलमध्ये: आधी कोणता चित्रपट, कोणती आवृत्ती?

घोडबंदर_रोड
ठाण्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पुढचे तीन महिने फ्रेंच नट-दिग्दर्शक झाक तातीचे चित्रपट दाखवायचे आहेत. पडदा 8 फूट रुंद, आवाजाला हॉलचेच स्पीकर. 'प्लेटाइम'ने सुरुवात करावी का? आणि एकेका चित्रपटाच्या दोन-तीन आवृत्त्या दिसतात, त्यांतली कोणती घ्यावी?

कोपरीकर
'प्लेटाइम'ने नको. त्यात क्लोज-अप जवळजवळ नाहीत. एकाच चौकटीत चार ठिकाणी चार गमती चालू असतात आणि हे सगळं 70 मिमी फिल्मच्या मोठ्या पडद्यासाठी रचलेलं आहे. तातीची सवय नसलेला प्रेक्षक 8 फुटांवर निम्मं हुकवेल.

पहिला 'मिस्टर हुलोज हॉलिडे' (1953) ठेवा. पाइप, आखूड पँट, पुढे झुकलेली चाल. ताती स्वतः साकारतो त्या हुलो या पात्राची ओळख इथेच होते. सहसा 1978 ची आवृत्ती मिळते, ती चालेल. होडी मिटून शार्कसारखी दिसते त्या प्रसंगात तातीने तेव्हा किनाऱ्यावरच्या घबराटीचे नवे शॉट्स जोडले.

दुसरा 'मों ऑन्क्ल' (1958), परदेशी भाषेतल्या चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला. याची तातीने इंग्रजी आवृत्तीही केली होती, पाट्यासुद्धा इंग्रजी. तुम्ही फ्रेंचच घ्या.

'जूर द फेत' (1949) दाखवणार असाल तर आवृत्ती नक्की तपासा. चित्रीकरणाला दोन कॅमेरे होते, एकात थॉमसनकलरची रंगीत फिल्म, दुसऱ्यात खबरदारी म्हणून कृष्णधवल. रंगीत फिल्मच्या प्रती काढताच आल्या नाहीत, म्हणून 1949 ला कृष्णधवल लागला. 1964 मध्ये तातीने काही वस्तू रंगवल्या आणि एक चित्रकार नव्याने घातला. मूळ रंग 1995 मध्ये त्याची मुलगी सोफी हिने फ्राँस्वा एद यांच्यासोबत परत आणले. मी तोच दाखवेन.

वाशी_सेक्टर१७
'प्लेटाइम' सोडून वरचे सगळे 1.37:1 चे, म्हणजे चित्राची रुंदी उंचीच्या 1.37 पट. प्रोजेक्टर 'फुल' किंवा 'वाइड'वर राहिला तर उंच हुलो आडवा पसरतो, म्हणून ऑटो किंवा 4:3 ठेवा. पडद्याची उंची साडेचार फूट धरली तर चित्र साधारण सव्वासहा फूट रुंद येईल. कडेच्या काळ्या पट्ट्या घालवायला झूम करू नका, पायांवरचे विनोद कापले जातात.

आवाजाकडे जास्त लक्ष द्या. ताती आवाज बहुतेक नंतर भरायचा, संवाद मुद्दाम पुसट ठेवायचा. विनोद असतो तो 'हॉलिडे'मधल्या जेवणघराच्या झुलत्या दाराच्या 'टंग'मध्ये, 'प्लेटाइम'मधल्या खुर्चीच्या फुसकाऱ्यात. मिक्सरवरचा इको बंद करा आणि शक्य असेल तर पंखेही. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवलात तर दार कानठळ्या बसवेल.

घोडबंदर_रोड
मनःपूर्वक आभार. सुरुवातीला पाच मिनिटं बोलायचं आहे. त्यात काय घ्यावं?

कोपरीकर
मूळ नाव तातिशेफ, जन्म 1907. रग्बी खेळायचा, मग खेळाडूंच्या नकला करत म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाणी-नकलांच्या रंगमंचावर आला. हुलोची चाल तिथून समजते, म्हणून यावर दोन मिनिटं द्या. पुढे 'प्लेटाइम'साठी (1967) पॅरिसच्या कडेला काच-पोलादाचं अख्खं शहर उभारलं, 'तातीव्हिल'. खर्च हाताबाहेर गेला, चित्रपट चालला नाही, सेट पाडला गेला आणि कर्जापायी आधीच्या चित्रपटांचे हक्कही हातून गेले. नंतर 'ट्राफिक' (1971) आणि 'पराद' (1974) एवढेच. 1982 मध्ये गेला.

ऐरोलीच्या काचेच्या ऑफिसांत जाणारे प्रेक्षक असतील तर तिसऱ्या महिन्याला 'प्लेटाइम' जरूर ठेवा, खुर्च्या पडद्याजवळ ओढून.

वाशी_सेक्टर१७
घरगुती डिस्क किंवा ॲपच्या वर्गणीत जाहीर खेळाचा हक्क येत नाही. वितरकाकडून परवानगी लेखी घ्या, आणि तारीख जाहीर करण्याआधी.