माझ्याकडे बिल्ड होतं, सर्व्हरवर नाही: डीएलएलचे रेफरन्स कसे सांभाळता?

शंकासुर:
डॉटनेट फ्रेमवर्कचं जुनं सोल्यूशन आहे. माझ्या मशीनवर सुरळीत बिल्ड होतं. बिल्ड सर्व्हरवर मात्र एमएसबी३२४५ची वॉर्निंग (रेफरन्स सापडला नाही) आणि तिच्याखाली सीएस०२४६ या एररची (टाइप किंवा नेमस्पेस सापडत नाही) रांग. हिंटपाथमध्ये, म्हणजे डीएलएल (तयार कोडची फाइल) कुठे शोधायची ते सांगणाऱ्या प्रोजेक्ट फाइलीतल्या नोंदीत, सी ड्राइव्हवरचा पत्ता आहे आणि तो फोल्डर सर्व्हरवर नाही, इथवर कळलं. पण तो सहकाऱ्याच्या मशीनवरही नाही, तरी त्याचं बिल्ड होतं! सर्व्हरवर तसा फोल्डर करून डीएलएल टाकून देऊ का?

बिल्डरखवाली:
नका टाकू. नवा बिल्ड एजंट (बिल्ड चालवणारं मशीन) जोडला की पुन्हा हेच, आणि तोवर त्या फोल्डरची आठवण कोणालाच नसेल.

सहकाऱ्याचं कोडं जास्त महत्त्वाचं आहे. हिंटपाथवर फाइल नसली म्हणून एमएसबिल्ड (बिल्ड करणारं टूल) थांबत नाही, पुढे शोधत राहतं: फ्रेमवर्कचा फोल्डर, रजिस्ट्रीत नोंदवलेले फोल्डर, जीएसी (मशीनवरचा सामायिक डीएलएलचा साठा) आणि सरतेशेवटी प्रोजेक्टचा आउटपुट फोल्डर, म्हणजे बिन. त्याच्या बिनमध्ये जुनी प्रत पडलेली असेल तर तीच उचलली जाते, कोणी हूं की चूं करत नाही. दुसरी छुपी जागा म्हणजे प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमधले ‘रेफरन्स पाथ्स’. ते सीएसप्रोज या प्रोजेक्ट फाइलीच्या शेजारच्या यूजर फाइलीत साठतात. ती फाइल सहसा गिटमध्ये नसते, आणि शोधताना त्यांचा नंबर हिंटपाथच्याही आधी लागतो.

मला अडलेल्या बिल्डची भीती वाटत नाही. दोन मशीनवर दोन वेगळ्या आवृत्त्या घेऊन यशस्वी होणाऱ्या बिल्डची वाटते.

सहकाऱ्याला व्हर्बॉसिटी (लॉगमधला तपशील) डिटेल्ड ठेवून लॉग काढायला सांगा, डीएलएल कुठून आली ते त्यात दिसेल. मग नुगेटवर (डॉटनेटच्या पॅकेजांचं भांडार) पॅकेज असेल तर पॅकेजरेफरन्स वापरा, म्हणजे प्रोजेक्ट फाइलीतच पॅकेजचं नाव आणि आवृत्ती लिहा. व्हिज्युअल स्टुडिओ २०१७पासून ती सोय आहे. लॉक फाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) चालू करून गिटमध्ये ठेवा आणि सर्व्हरवर रिस्टोअर लॉक्ड मोडमध्येच करा. पॅकेज नसेल तर रिपॉझिटरीत लिब फोल्डर, आणि हिंटपाथ प्रोजेक्टपासून रिलेटिव्ह.

कोडकारकून:
लिब फोल्डरला माझा विरोध. बायनरी प्रत्येक बदलागणिक गिटच्या इतिहासात साठत जातात, क्लोन जड होतं. त्या डीएलएलचं स्वतःच नुगेट पॅकेज बनवा. सर्व्हरला दिसेल असा साधा शेअर्ड फोल्डरही फीड (पॅकेज जिथून घ्यायची ती जागा) म्हणून चालतो, फक्त त्याचा पत्ता सांगणारी नुगेट डॉट कॉन्फिग रिपॉझिटरीत हवी.

बिल्डरखवाली:
वारंवार बदलणारी असेल तर मान्य. वर्षानुवर्षं न हलणाऱ्या एका डीएलएलसाठी फीड सांभाळत बसणं मला पटत नाही.

शंकासुर:
सहकाऱ्याची डीएलएल बिनमध्येच निघाली, आणि आवृत्ती माझ्यापेक्षा जुनी! पॅकेज बनवतोय. एमएसबी३२४५ आली की बिल्ड तिथेच पाडता येईल का?

बिल्डरखवाली:
येईल. एमएसबिल्ड १५पासून वॉर्नअ‍ॅजएरर स्विच आहे, त्याला हा कोड द्या. पण बिनमधली प्रत सापडली तर ही वॉर्निंग येतच नाही, म्हणून सर्व्हरवर दर वेळी रिकाम्या फोल्डरातच क्लोन करा.