डीटीपीचं जुनं मशीन बदलायचंय : डेस्कटॉप, लॅपटॉप की दोन्ही?

मिरजेची डीटीपीवाली

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरजेपोटी धागा काढते.

मिरजेत घरीच डीटीपी करते. लग्नपत्रिका, दवाखान्यांचे केसपेपर, तंतुवाद्यांच्या दुकानांची लेबलं आणि पावसाळा लागला की पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. संस्थांच्या सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकाव्या लागतात, त्यामुळे जुलैपासून मला मान वर करायला सवड नसते. जे काय घ्यायचं ते जूनमध्येच घेऊन, बसवून, रुळवून टाकायचंय.

सध्याचं मशीन तिसऱ्या पिढीचं आय-३, ८ जीबी रॅम, विंडोज १०. त्यावर पानं मांडायला पेजमेकर ७ आणि चित्रकामाला कोरल. मागच्या बाजूला तो जुना २५ भोकांचा रुंद प्रिंटर पोर्ट आहे आणि त्यात आमच्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं डोंगल. ते काढलं की सॉफ्टवेअर उघडतच नाही. गेल्या कित्येक वर्षांच्या फायली याच फाँटांत आहेत. संस्थेचे सचिव येतात आणि म्हणतात, "ताई, गेल्या वर्षीसारखंच, फक्त आकडे बदला." म्हणजे गेल्या वर्षीची फाइल उघडलीच पाहिजे.

विंडोज १०ची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाली. मी ती एक वर्षाची वाढीव मुदत घेतलीय, ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. विंडोज ११ या मशीनवर चढत नाही, असा निरोप पडद्यावर येतो.

आता घरातली मतं ऐका. आमचे हे म्हणतात, एकच चांगला लॅपटॉप घे, दिवसा तू वापर, रात्री पोरगी वापरेल. पोरगी सांगलीला बीसीएला जाते, तिला लॅपटॉप वर्गात न्यावा लागतो. म्हणजे लॅपटॉप सांगलीत आणि गिऱ्हाईक माझ्या दारात! हे त्यांच्या लक्षात कसं येत नाही देव जाणे. पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, ॲपलचा मॅक मिनी घे, आयुष्यभर बघायला नको. दुकानदारानं एक पातळ लॅपटॉप दाखवला, स्नॅपड्रॅगनचा. बॅटरी दिवसभर चालते म्हणे. वीज इथं अधूनमधून जातेच, त्यामुळे मन जरा तिकडं झुकलं होतं, पण मी डोंगलचं विचारल्यावर तो "होऊन जाईल मॅडम" म्हणाला. हे वाक्य ऐकलं की मी पाकीट परत पर्समध्ये घालते.

सगळं मिळून बजेट ७०,०००. त्यात काय बसवावं?

जाता जाता आणखी एक. गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲप माझ्या घरच्याच नंबरवर येतात. रात्री अकराला "ताई, वधूच्या मामांचं नाव राहिलं". कामासाठी वेगळा फोन घ्यावा का?

---

खटपट्या

ताई, छत्रपती संभाजीनगरला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, छापखान्यांची मशीनं नेहमी येतात. आधी काय घेऊ नये ते सांगतो.

स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप नको. मशीन वाईट नाही, पण त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा, म्हणजे नेहमीच्या इंटेलपेक्षा वेगळ्या बांधणीचा. साधी विंडोजची सॉफ्टवेअरं त्यावर भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर (जोडलेली वस्तू चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं) मात्र तसे चालत नाहीत. डोंगलचा ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठी वेगळा लिहिलेला असावा लागतो आणि जुन्या डोंगलांसाठी तो कोणी लिहीत बसलेलं नाही. जुन्या प्रिंटरचंही तेच. मॅक मिनीवर विंडोज घातली तरी ती एआरएमचीच विंडोज, त्यामुळे भाच्याचा सल्ला याच कारणानं बाद.

विंडोज ११ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुमचं मशीन तिसऱ्या पिढीचं, त्यामुळे बायोसमध्ये कितीही खुडबुड केली तरी रीतसर चढणार नाही. आडमार्गानं चढवून देणारे भेटतील. धंद्याच्या मशीनवर तसं करू नका.

आता खरी गाठ डोंगलची. नव्या मशीनला तो रुंद पोर्ट नसतो. बाजारात यूएसबीला लावायची प्रिंटर केबल मिळते, ती प्रिंटरपुरती. डोंगल त्यावर सहसा ओळखलं जात नाही. डेस्कटॉपमध्ये पोर्टाचं वेगळं कार्ड बसवता येतं, पण तिथंही खात्री नाही. जुनी सॉफ्टवेअरं डोंगल ३७८ या ठरावीक पत्त्यावर शोधतात आणि कार्ड भलताच पत्ता घेऊन बसतं. माझ्याकडे आलेल्या एका छापखान्याचं चाललं, दुसऱ्याचं काही केल्या नाही. म्हणून पैसे खर्चायच्या आधी फाँटच्या कंपनीला फोन लावा, परवान्याचा नंबर सांगा आणि जुन्या डोंगलच्या बदल्यात यूएसबीचं मिळतं का, विंडोज ११वर चालतं का, ते विचारा. उत्तर लेखी घ्या, मेलवर. कोणतं मशीन घ्यायचं ते या उत्तरावर ठरेल.

यूएसबी डोंगल आलं आणि तरी ड्रायव्हर अडला, तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी चालू आहे का पाहा. ती जुने ड्रायव्हर अडवते.

---

पुणेरी उंदीर

२०२६ साली पेजमेकर? शेवटची मोठी आवृत्ती २००१ची आहे ती. सरळ युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) आणि इनडिझाइनवर (पेजमेकरच्या जागी आलेलं सॉफ्टवेअर) या, सगळे प्रश्न मिटतील. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

---

मिरजेची डीटीपीवाली

@खटपट्या दादा, खूप आभार. स्नॅपड्रॅगन बाद. उद्याच कंपनीला फोन करते.

@पुणेरी उंदीर, अहो, युनिकोड नको असं मी कधी म्हटलं? गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतं, मी तो पेजमेकरमध्ये चिकटवते आणि ओळभर प्रश्नचिन्हं उमटतात. मग मजकूर आधी आमच्या फाँटात बदलून घ्या, नाहीतर हातानं टाइप करा. तो वैताग रोजचाच आहे. पण इनडिझाइनचं भाडं महिन्याच्या महिन्याला भरायचं, आणि माझं काम वर्षातले तीन-चार महिने जोरात, बाकी पत्रिकांवर. पत्रिकेचे दर मिरजेत काय आहेत ते एकदा येऊन बघा! शिवाय माझा हात टाइपरायटरच्या कळफलकावर बसलेला. डोळे मिटून चाळीसचा वेग आहे. युनिकोडच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर मी बोटं शोधत बसते.

---

जुनी जुळणी

डोंबिवलीहून लिहितो. आधी छापखान्यात होतो, आता घरून मुद्रितशोधन आणि मांडणी करतो.

कळफलकाची काळजी सोडा. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटर पद्धतीनं युनिकोड टाइप करता येतं. बोटं तीच, अक्षरं युनिकोड. दोन दिवस एखादी जोडाक्षराची कळ चुकेल, मग विसरून जाल.

जुन्या फायलींचं मात्र नीट ऐका. इनडिझाइन पेजमेकरच्या फायली उघडत असे ते सीएस ६ या आवृत्तीपर्यंत. आजचं इनडिझाइन त्या उघडत नाही. म्हणजे मजकूर बाहेर काढायलासुद्धा पेजमेकर जिवंत हवा. उंदीरभाऊंचा सल्ला इथं अडकतो.

मजकूर काढून कन्व्हर्टरमध्ये घातला की तो युनिकोड होतो, पण जसाच्या तसा छापायला देऊ नका. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, युनिकोडात ती नंतर साठवली जाते. कन्व्हर्टर ती उचलून मागे नेतो आणि 'स्थिती'सारख्या जोडाक्षरात कधीकधी मधेच टाकून देतो. रफाराचं उलट, तो मागून उचलून पुढे न्यावा लागतो. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' हे हमखास बिघडणारे शब्द, ते शोधून तपासायचेच. आणि तुमच्या अहवालांसाठी सगळ्यात घातक म्हणजे मधे आलेला इंग्रजी मजकूर. साध्या मजकुरात कोणता शब्द कोणत्या फाँटात होता ही माहिती उरत नाही, त्यामुळे जीएसटी नंबर, पॅन, आयएफएससी कोड यांचीही देवनागरी अक्षरं होऊन भलतंच काहीतरी समोर येतं. ताळेबंदाच्या पानावर असं गेलं तर सचिव सभेत तोंडघशी पडतील. ते आकडे आणि कोड मूळ छापील अहवालावरून पुन्हा टाइप करा.

सगळी कपाटं एकदम रिकामी करायला जाऊ नका. यंदा ज्या संस्थेचं काम येईल तिचीच फाइल युनिकोडात न्या. लग्नपत्रिका तर मुळीच नेऊ नका, त्या कोण परत मागतंय!

इनडिझाइन महाग वाटत असेल तर स्क्रायबस हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, १.५ मालिकेपासून देवनागरी नीट जोडतं. पेजमेकरच्या हाताला ते सुरुवातीला आडमुठं वाटेल, मलाही वाटलं. इनडिझाइन घेतलंच तर परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात आणि माणूस उगाच फाँटला शिव्या देतो. फाँटांत तिरो देवनागरी मराठी बघा. ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, मोफत आहे, पुस्तकी मजकुराला देखणा दिसतो.

---

सांगलीची चिमणी

काकू, मीही बीसीएलाच आहे, शेवटच्या वर्षाला. तुमच्या लेकीचा लॅपटॉप वेगळाच घ्या, प्लीज. आमची प्रॅक्टिकल असतात तेव्हा रात्रीबेरात्री काम असतं, आणि आईच्या गिऱ्हाइकाची पत्रिका उघडी असेल तर बंद करायची भीती वाटते. आमच्या अभ्यासाला ग्राफिक कार्ड वगैरे लागत नाही. साधा आय-५ किंवा रायझेन ५, ५१२ जीबी एसएसडी पुरे. रॅम १६ जीबी घ्या. ८ची घेणार असाल तर नंतर वाढवता येते का ते विचारा, पातळ लॅपटॉपात ती बोर्डावरच चिकटवलेली असते. आणि रॅमचे भाव गेल्या वर्षाअखेरीपासून इतके चढलेत की नंतर बघू म्हणणं महागात जातंय.

फोनचं : वेगळा फोन नको. त्याच फोनमध्ये दुसरं सिम घाला आणि त्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. दोन्ही ॲप शेजारी शेजारी चालतात. कामाच्या वेळा आणि वेळेबाहेरचा 'अवे मेसेज' लिहून ठेवला की रात्री अकराच्या मामांना आपोआप उत्तर जातं :)

---

मिरजेची डीटीपीवाली

चिमणीताई, मामांची सोय आवडली. आजच सिम घेते. रच्याकने (जाता जाता), गिऱ्हाइकांना फोटो 'डॉक्युमेंट' करून पाठवायला कसं शिकवायचं? साधा पाठवला की दबून येतो आणि छपाईत नवरदेवाचा चेहरा फुटतो.

कंपनीशी बोलले. जुन्या डोंगलच्या बदल्यात यूएसबीचं देतात, पण नव्या आवृत्तीचे पैसे भरून. रक्कम ऐकून जरा थांबले. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, मग जुनंच मशीन चालव की. रागाने म्हणाले, पण मला ते पटलं!

तर आता असं डोक्यात आहे. जुनं मशीन, जुनं डोंगल, पेजमेकर आहे तिथंच ठेवायचं. नेट काढून टाकायचं. जुन्या संस्थांचं काम त्यावर. नव्या कामासाठी रिफर्बिश्ड (जुना, नीट करून विकलेला) डेस्कटॉप, त्यावर युनिकोड आणि स्क्रायबस. इथं एक जण आठव्या पिढीचा आय-५, १६ जीबी, एसएसडी असा बावीस हजारांत वर्षाच्या वॉरंटीसह देतोय. उरलेल्यात पोरीचा लॅपटॉप. टेबल मात्र एकच आहे, दोन मॉनिटर मावणार नाहीत. आणि पुढंमागं जुन्या मशीनचा बोर्ड गेलाच, तर ते पोर्टाचं कार्ड नव्यात बसवून बघता येईल ना?

---

खटपट्या

बरोबर ठरवलंत. मॉनिटर एकच घ्या, २४ इंची, ज्याला व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही आहेत असा. जुनं मशीन व्हीजीएवर, नवं एचडीएमआयवर, बटणानं अदलाबदल. कीबोर्ड-माउससाठी यूएसबीचा छोटा स्विच मिळतो. दोन्ही मशीनं यूपीएसवर ठेवा, लॅपटॉपच्या बॅटरीची आठवण येणार नाही.

जुन्या मशीनची हार्ड डिस्क आत्ताच एसएसडीवर क्लोन करून, म्हणजे जशीच्या तशी उतरवून घ्या. मशीन चालू असताना हे काम तासाभराचं असतं, डिस्क गेल्यावर मग कोणाच्याच हातात राहत नाही. मूळ डिस्क काढून कपाटात. फायली पेनड्राइव्हनं न्याल तेव्हा तो आधी नव्या मशीनवर तपासून घ्या, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट जुन्याला लावू नका, नेट काढल्यावर त्याला अपडेट मिळणार नाहीत.

आठव्या पिढीच्या मशीनला बावीस हजार मला जास्त वाटतात, घासाघीस करा किंवा तेवढ्यात दहाव्या पिढीचं मागा. बिल जीएसटीचं घ्या, तुमची नोंदणी असेल तर वजावट मिळेल. कार्ड पुढे बसवून बघता येईल, चालेलच असं मात्र धरून चालू नका. आणि रिफर्बिश्ड मशीनं बहुतेक छोट्या कॅबिनेटची असतात, तेव्हा कार्ड घ्यायची वेळ आलीच तर लो-प्रोफाइल पट्टीचं मागा. मोठ्या पट्टीचं आत बसत नाही आणि दुकानदार परत घेत नाही.