मदत हवी आहे: कॉर्टेक्समधल्या इंटरन्यूरॉनचं मरण आधीच ठरलेलं असतं की शेजारी ठरवतात?

कातळसडा
नमस्कार मंडळी. एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारला कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) निरोधक इंटरन्यूरॉनची, म्हणजे आसपासच्या चेतापेशींना आवर घालणाऱ्या चेतापेशींची, जडणघडण हा विषय घेतलाय आणि एका जागी घोडं अडलंय.

मला कळलंय ते आधी लिहिते. उद्दीपक पिरॅमिडल पेशी कॉर्टेक्सच्या भिंतीतच जन्मतात आणि सरळ वर सरकतात. गाबा हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या निरोधक पेशी, म्हणजेच हे इंटरन्यूरॉन, मात्र बाहेरून येतात. अग्रमेंदूच्या तळाशी गँग्लिऑनिक एमिनन्स नावाचे उंचवटे असतात, तिथे जन्मून त्या आडव्या वाटेने कॉर्टेक्समध्ये शिरतात. अँडरसन, रुबेनस्टाईन वगैरेंनी १९९७ मध्ये डीएलएक्स१ आणि डीएलएक्स२ ही दोन्ही जनुकं नसलेले उंदीर तपासले, तर कॉर्टेक्समध्ये गाबावाल्या पेशी फारच कमी निघाल्या. मधल्या उंचवट्यातून (एमजीई) पार्वाल्ब्युमिन आणि सोमॅटोस्टॅटिन गटाच्या पेशी येतात, शेपटीकडच्या उंचवट्यातून (सीजीई) व्हीआयपी वगैरे (गटांची नावं पेशींत सापडणाऱ्या रेणूंवरून). इथवर ठीक.

एवढा प्रवास करून पोचलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पेशी उंदराच्या जन्मानंतर दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मरून जातात. का? साउथवेल आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा निबंध (अल्वारेझ-बुइला यांची सान फ्रान्सिस्कोची प्रयोगशाळा) म्हणतो, मरण पेशीच्या आतूनच ठरतं. २०१८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या मारीन यांच्या गटाने दाखवलं की ते पिरॅमिडल पेशींच्या सक्रियतेवर ठरतं. दोन्ही 'नेचर'मध्येच. सरांना विचारलं तर "दोन्ही बरोबर आहेत" म्हणाले आणि तासाला निघून गेले. मी स्लाइडवर नेमकं काय लिहू?

उंबरठा
सरांनी उत्तर दिलंय की! :)
पॉपकॉर्न घेऊन बसतो, जाणकार येतीलच.

निवृत्त_मास्तर
सर बरोबर बोलले, फक्त अर्धं बोलले. दोन्ही प्रयोगांत बदललं काय, ते शेजारी शेजारी मांडून बघ.

साउथवेलच्या प्रयोगामागे जुना वाद आहे. लेव्ही-मोंताल्चिनी यांच्या काळापासूनची समजूत अशी की चेतापेशी ज्याच्याशी जोडल्या जातात, तो भाग पोषक द्रव्य मोजकंच देतो. ज्यांना मिळालं त्या जगल्या. हे कॉर्टेक्समध्ये खरं असेल, तर बाहेरून जास्त इंटरन्यूरॉन सोडल्यावर मरणाऱ्यांचं प्रमाण वाढायला हवं. त्यांनी उंदरांच्या कॉर्टेक्समध्ये कोवळे इंटरन्यूरॉन रोपले आणि रोपणाचा आकार २०० पटींच्या फरकाने बदलून पाहिला. प्रमाण तेवढंच राहिलं. शिवाय रोपलेल्या पेशी मेल्या त्या स्वतःच्या वयानुसार, यजमान उंदराच्या पेशींबरोबर नाही. म्हणजे घड्याळ पेशीच्या आत आहे, हे पक्कं.

पण त्या प्रयोगात पिरॅमिडल पेशींना कुणी हातच लावला नव्हता! बदलली ती इंटरन्यूरॉनची संख्या. २०१८ च्या कामात उलट केलं: पिरॅमिडल पेशींची सक्रियता वाढवली, तर जास्त इंटरन्यूरॉन वाचले. मधला दुवा पीटेन हे प्रथिन. ते या काळात इंटरन्यूरॉनला मरणाकडे ढकलतं आणि पिरॅमिडल पेशींकडून येणारे संदेश त्याला आवर घालतात.

माझं वाचन असं: मरायची वेळ कधी येणार हे आतलं घड्याळ सांगतं. त्या वेळेत कोण तरणार हे बऱ्याच अंशी भोवतालच्या मंडलाची सक्रियता ठरवते. आणि सक्रियता काही पंगतीतल्या जिलब्यांसारखी वाटून संपत नाही, म्हणून पाहुणे वाढले तरी मरणाचं प्रमाण वाढलं नाही. हा शेवटचा मुद्दा माझा तर्क आहे, सेमिनारला तसंच सांग. 'आतून की बाहेरून' हा मथळा मात्र स्लाइडवरून काढून टाक, त्यानेच घोळ झालाय.

कातळसडा
सर, हे पटलं. खूप आभार! आता लगेच दुसरा प्रश्न. सुरुवातीला गाबा निरोध करत नाही, उलट उत्तेजित करतो असं वाचलं. मग या पेशी प्रवास करायच्या थांबतात कधी आणि 'निरोधक' होतात कधी?

आद्या_के
यावर मी काम केलंय म्हणून मध्ये पडते. सगळा खेळ क्लोराइडचा. कोवळ्या चेतापेशीत एनकेसीसी१ हा वाहक क्लोराइड आत भरत असतो, केसीसी२ हा बाहेर काढणारा वाहक अजून नीट आलेला नसतो. त्यामुळे गाबाने दार उघडलं की क्लोराइड बाहेर पडतो आणि पेशी विध्रुवित होते, म्हणजे उत्तेजनाकडे झुकते. केसीसी२ वाढला की तेच दार, तोच गाबा, पण परिणाम उलटा.

तुझ्या विषयाला धरून गंमत म्हणजे २००९ मध्ये बोर्टोन आणि पोलू यांनी दाखवलं की इंटरन्यूरॉन चालायचे थांबतात त्यातही केसीसी२ चा हात आहे. गाबा आधी पेशीतले कॅल्शियमचे चढउतार वाढवून तिला चालतं ठेवतो, केसीसी२ आल्यावर तोच गाबा ते कमी करतो आणि पेशी थांबते. ही स्लाइड मृत्यूच्या आधी घे.

आणि मंडल म्हणताना 'निरोध' एवढंच लिहून सोडू नकोस. इंटरन्यूरॉनच्या प्रकारांपैकी कोण कुठे बसतं ते दाखव: बास्केट पेशी पिरॅमिडलच्या पेशीकायेवर, मार्टिनॉटी दूरच्या डेंड्राइटवर (संदेश घेणाऱ्या फांदीवर), शँडेलिअर थेट अ‍ॅक्सॉनच्या (संदेश पाठवणाऱ्या तंतूच्या) मुळाशी. व्हीआयपी पेशी बऱ्याचदा सोमॅटोस्टॅटिनवाल्यांनाच गप्प करतात, म्हणजे निरोधकाचा निरोध, आणि पिरॅमिडल मोकळी सुटते. परीक्षकांना हे हमखास आवडतं.

निवृत्त_मास्तर
एक भर. दिवसांचे आकडे लिहिशील तिथे 'उंदीर' लिही, नाहीतर पहिला प्रश्न माणसाबद्दलच येणार. माणसात जन्मानंतर काही महिने कोवळे इंटरन्यूरॉन कपाळामागच्या भागात शिरत असतात, हे २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये आलंय. परेडेस हे पहिलं नाव.

कातळसडा
शोधते आजच. आद्याताई, केसीसी२ ची आकृती हाताने काढली तर इथे टाकू का, बाणांच्या दिशा तपासून द्याल?

आद्या_के
टाक की. क्लोराइडचे बाण आणि विभवाचे बाण वेगळ्या रंगात काढ.