मिरामारचा समुद्र जुलैत निळा कशाला?

मांडवीकाठ: जलरंगाच्या एका गटात सल्ला वाचला: 'गोव्याचा समुद्र निळाच रंगवा, करड्याने चित्र रडकं होतं.' डोकं फिरलं. जुलैत पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर उभे राहा. वर ढगांचं छत, मांडवी नदीने आणलेला गाळ, पाणी दूध कमी पडलेल्या चहासारखं. तिथे कोबाल्ट ब्लूसारखा झगझगीत निळा फासायचा म्हणजे पाऊसच नाकारायचा. आणि करडा रडका कोणी ठरवला? अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी मिसळून केलेला करडा जांभ्याच्या तांबड्या कड्याशेजारी लावा, निळसर दिसू लागतो. चित्राचा मूड शेजारचा रंग ठरवतो.

शापोऱ्याचा: बाब, मी चित्रं विकून घर चालवतो. पावसाळी समुद्र वर्षभर भिंतीला टेकून राहिला, निळा लगेच गेला. गिऱ्हाईक सुट्टीची आठवण विकत घेतं, तुमचा गाळ नाही.

डिचोलीकर: गाळ गाळ काय करताय? ती खाणींची माती आहे.

मांडवीकाठ: सगळी नाही. जांभ्यातच लोह आहे, पहिल्या पावसाला ओहोळ लाल होतातच.

डिचोलीकर: मग २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी कशाला थांबवल्या? २०१८ साली ८८ खाणपट्ट्यांच्या लीजांचं नूतनीकरण कशाला रद्द केलं? आमच्या शेतात ज्या वर्षी लाल चिखल भरला, त्या वर्षी आजोबांनी भात कापलंच नाही. तुमच्या कागदावरचा 'उबदार तांबडा' पाहिला की मला तेच आठवतं.

शापोऱ्याचा: विषय समुद्राचा चाललाय, खाण कुठून आली?

डिचोलीकर: नदीतून!

आल्तिनोची ताई: भांडा, पण पणजीत फुंदासांव ओरिएंत या संस्थेत जाऊन चित्रकार त्रिंदादची चित्रं बघून या. डच चित्रकार रेम्ब्रांवरून 'पूर्वेचा रेम्ब्रां' म्हणत त्यांना. उजेड दिसावा म्हणून सावली किती खोल जाऊ दिलीय ते बघा. भडक रंगाने उजेड येत नाही, मुलांना हेच सांगून घसा बसला.

मांडवीकाठ: डिचोलीकर, तुमच्या शेताचं खोटं म्हणत नाही. म्हणून तर तो लाल चित्रात यायला हवा. निळा फासला तर तुमचा चिखलही पुसला जातो.

डिचोलीकर: एवढं मान्य. पण त्याला सुंदर म्हणू नका.

शापोऱ्याचा: बरं, जुलै तुमचा. डिसेंबरात माझ्या निळ्याला कोणी खोटं म्हटलं तर ऐकून घेणार नाही.

मांडवीकाठ: डिसेंबरात गाळ बसलेला असतो, तेव्हा खुशाल निळा लावा. पण नुसता ट्यूबमधला नको, वाळूचा पिवळा थोडा मिसळा.