दाराच्या सेन्सरचा सेल महिन्यात संपतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहतो. आईला हल्ली विसरायला होतं, रात्री ती दार उघडून बाहेर पडते. म्हणून दार उघडलं की इशारा देणारा झिग्बी (बिनतारी) सेन्सर दाराला लावलाय. पण त्यातला सीआर २०३२ हा बटणासारखा चपटा सेल महिनाभरात संपतो.

काल शेवटी खोलून बघितला. आत रेडिओची चिप आणि काचेच्या नळीतला रीड स्विच. दार बंद होऊन चुंबक जवळ आलं की स्विचच्या पात्या चिकटतात. मल्टिमीटर सिरीजमध्ये लावला. दार उघडं असताना करंट जेमतेम ४ मायक्रोअँपिअर, बंद असताना मात्र ३०० च्या वर. आणि दार तर दिवसभर बंदच असतं! सेल साधारण २२० मिलीअँपिअर-अवरचा, म्हणजे हिशोब बरोबर महिन्यावरच येतो. स्विचशेजारच्या रेझिस्टरवर १०३ लिहिलंय, म्हणजे १० किलोओहम. स्विच मिटला की त्यातूनच करंट सतत ग्राउंडला जात असणार.

करंट कमी व्हावा म्हणून हा रेझिस्टर काढून १ मेगाओहमचा टाकू का? पावसाळ्यात कृष्णाकाठची हवा दमट, तेव्हा खोटे इशारे येतील का? कुणी असा बदल केला असेल तर कृपया सांगा. रात्री मी त्या इशाऱ्याच्या भरवशावरच झोपतो.