१९७९ ची पोर्श ९११ एससी: इंजिन तापल्यावरही चेनचा खडखडाट, टेन्शनर कोणते बसवावेत?

प्रश्न : मागचं_इंजिन

नमस्कार मंडळी. गाडी पोर्श ९११ एससी, १९७९, ३ लिटर, के-जेट्रॉनिक (यांत्रिक इंधन इंजेक्शन). टेन्शनर (कॅमशाफ्टची चेन ताणून धरणारे) मूळचेच, म्हणजे आतल्या आत तेल साठवणारे जुने. थंड इंजिन सुरू केलं की मागून खडखड यायची आणि काही सेकंदांत थांबायची. आता तेल पूर्ण तापल्यावरही आयडलला डाव्या बाजूने येते, आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की वाढते. वॉल्व्ह क्लिअरन्स थंड इंजिनावर ०.१० मिमी आहे, एक्झॉस्ट कुठे फुंकत नाही.

पर्याय तीन दिसतात: जुन्याच घडणीचे नवे टेन्शनर आणि त्यांना कॉलर (दांड्यावरचं कडं), १९८४ च्या कॅरेरापासून आलेले तेलदाबावर चालणारे, किंवा रेसिंगवाले यांत्रिक. गाडी फक्त रस्त्यावर चालते. इंजिन न उतरवता काम होईल का? आणि आयडलर आर्म (टेन्शनर आणि चेन यांच्यातला हात) खरंच बदलावे लागतात का?

उत्तर १ : हवाथंड_सहा

आधी गाडी चालवणं थांबवा. थंड इंजिनाची दोन-चार सेकंदांची खडखड जुन्या टेन्शनरमध्ये चालून जाते, तापल्यावरची नाही. चेनने दात सोडला की त्या बाजूच्या कॅमचं टायमिंग हलतं, आणि या इंजिनात वॉल्व्ह थेट पिस्टनला भिडतात. मग टेन्शनरच्या खर्चाचं हेडच्या खर्चात रूपांतर होतं.

आवाज चेनचाच आहे याची खात्री करा. लांब स्क्रूड्रायव्हर किंवा स्टेथोस्कोप चेन-बॉक्सच्या कव्हरवर टेकवून दोन्ही बाजू ऐका. रॉकरची टिकटिक लयीत असते, क्रँकच्या निम्म्या गतीने. सैल चेनचा आवाज विस्कळीत असतो आणि आरपीएम बदलताना त्याचा पोत बदलतो. एससीमध्ये हेडचे खालचे स्टड तुटण्याचा जुना आजार आहे, तेव्हा वॉल्व्ह कव्हर उघडाल त्या वेळी तेही पाहून घ्या. तेल काढताना संपची जाळीही उघडा. तिच्यात तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे सापडले तर चेनचे रॅम्प (चेन ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या) फुटताहेत आणि नुसता टेन्शनर बदलून भागणार नाही.

आता बिघाड का होतो ते. क्रँकच्या खालच्या एकाच इंटरमीडिएट शाफ्टवरून दोन दुहेरी रोलर चेन निघतात, एक डाव्या कॅमला, एक उजव्या. प्रत्येकीच्या सैल बाजूवर आयडलर आर्म असतो आणि त्याला टेन्शनर ढकलतो. अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन तापलं की फुगतं, कॅम आणि शाफ्ट एकमेकांपासून लांब जातात, चेन ताणली जाते. थंड झालं की उलट. टेन्शनरला हा फरक सतत भरून काढायचा असतो. जुन्या टेन्शनरमध्ये स्प्रिंग दांडा बाहेर ढकलते आणि आत साठलेलं तेल त्याला मागे येऊ देत नाही. सील झिजून तेल गळालं की उरते नुसती स्प्रिंग, आणि चेनच्या हिसक्यापुढे ती टिकत नाही.

तुमच्या आर्मच्या प्रश्नाचं उत्तर: हो, तुमच्या गाडीत बदलावेच लागतात. १९८० च्या आधीचे आर्म आपल्या पिनवर अडकतात. आर्म मोकळा हलला नाही की चेनचे सगळे ठोके टेन्शनरवर जातात. टेन्शनर मेला म्हणून बदलला जातो, मारणारा आर्म मात्र आतच राहतो. १९८० पासून ब्राँझच्या बुशचे सुधारित आर्म आले. त्या वर्षानंतरची गाडी असती तर बुश तपासून तेच ठेवा म्हटलं असतं.

उत्तर २ : दुहेरी_रोलर

वरच्या उत्तराशी सहमत. माझं मत स्पष्ट आहे: रस्त्यावरच्या गाडीला तेलदाबाचे कॅरेरा टेन्शनर. इंजिनातून सतत तेल मिळत असल्याने त्यांचं तेल संपत नाही. संचात दोन टेन्शनर, दोन नवी कव्हरं, कॅमकडे जाणाऱ्या नळ्या आणि गॅस्केट असतात. आर्म संचात आहेत की वेगळे मागवायचे, हे विक्रेत्याला आधीच विचारा.

इंजिन गाडीत ठेवून होतं. बॅटरी सोडा, मागची चाकं उंच करून गाडी स्टँडवर टेकवा. सायलेन्सर आणि मागचे पत्रे काढावे लागतात. एसी असेल तर कॉम्प्रेसर पाइप न उघडता बाजूला करा. एक्झॉस्टचे गंजलेले नट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा, तरी हटले नाहीत तर तापवा. जोर लावून स्टड तोडलात तर खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि झेड१ ची खूण (पुलीवरची, पहिला पिस्टन सर्वात वर असल्याची) जुळवा. कव्हरं काढल्यावर दोन्ही कॅमच्या टोकांवरच्या खुणा वर दिसायला हव्यात. दिसत नसतील तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्या. या स्थितीत फोटो काढा. दोन्ही चेन एकाच शाफ्टवर असल्याने एका बाजूची सैल धाव वर येते, दुसऱ्या बाजूची खाली. डाव्या बाजूचं पाहून उजवीकडे उलटं करून बसवायला जाऊ नका.

एका वेळी एकच बाजू. टेन्शनर एका नटावर असतो. तो सोडण्याआधी आर्म लॉकिंग पक्कडीने दाबून धरा, म्हणजे चेन ताणलेली राहील. आर्म बदलताना हा आधार जातो, म्हणून चेन कॅमच्या स्प्रॉकेटला प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून ठेवा. या सगळ्यात क्रँकला हात लावायचा नाही. जुना आर्म काढल्यावर पिनवर चर पडलाय का ते नखाने पाहा. चर असेल तर नव्या बुशलाही तो खाईल. नवा आर्म तेल लावून बसवा. तो बोटाच्या धक्क्याने हलला पाहिजे. डावे-उजवे आर्म सारखे दिसले तरी बुशच्या लांब बाजूची दिशा वेगळी असते.

नव्या टेन्शनरचा दांडा दाबून पिनने अडकवलेला येतो. टेन्शनर बसवा, नट साधारण २३ न्यूटन-मीटरवर आवळा, पक्कड काढा आणि मगच पिन ओढा. पिन आधी ओढलीत तर दांडा पुन्हा व्हाइसमध्ये अगदी सावकाश दाबावा लागतो. कव्हरचे एम६ नट १० न्यूटन-मीटरच्या आत ठेवा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातील. गॅस्केट, ओ-रिंग आणि नळ्यांचे सगळे वॉशर नवेच वापरा.

उत्तर ३ : शून्य_पॉइंट_एक

दोन गोष्टी वाढवतो.

चेन कुठेही उडी मारली नाही याची खात्री असली तरी टायमिंग मोजा. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही वॉल्व्ह बंद असताना झेड१ वर इनटेकचा क्लिअरन्स नेमका ०.१० मिमी करा. डायल गेजचं टोक इनटेक वॉल्व्हच्या रिटेनरवर (स्प्रिंगच्या टोपीवर) टेकवा, गेज आधी १० मिमी दाबून मग शून्य करा. क्रँक ३६० अंश फिरवून परत झेड१ वर आणा. आता वॉल्व्ह जितका उघडला असेल तो तुमचा आकडा. तो तुमच्या इंजिन क्रमांकाच्या स्पेसिफिकेशनशी ताडून पाहा, कारण बाजार आणि सालाप्रमाणे कॅमचं टायमिंग बदलतं. उजव्या बाजूला हेच चौथ्या सिलिंडरवर. झेड१ ची खूण पुढे गेली तर क्रँक उलटी फिरवून मागे आणू नका, पुढे दोन फेरे देऊन पुन्हा या. उलट्या फेऱ्यात चेनचा ढिलेपणा दुसऱ्या बाजूला जातो आणि आकडा खोटा येतो.

मोजताना चेन पक्की ताणलेली हवी, तेलावरचा टेन्शनर थोडा दबतो. यांत्रिक टेन्शनरचा मला पटणारा उपयोग इथेच आहे: मोजमापापुरता बसवायचा आणि काढून ठेवायचा. रस्त्यावरच्या गाडीत तो नको. थंड इंजिनावर चेन थोडी सैल सोडावी लागते, म्हणजे ज्या आवाजासाठी हा खटाटोप चाललाय तोच रोज सकाळी ऐकायचा. घट्ट केलात तर इंजिन तापल्यावर चेन आणि रॅम्पवर ताण येतो.

कॉलरविषयी: तो इलाज नाही. टेन्शनर निकामी होऊन दबलाच तर दांडा पूर्ण आत जाऊ नये, इतकंच त्याचं काम. दात सुटणं टळतं, खडखड राहते. नवे टेन्शनर येईपर्यंत गाडी गॅरेजपर्यंत न्यायला ठीक.

मागचं_इंजिन

आभार. कॅरेरा टेन्शनर आणि नवे आर्म हे नक्की केलं. पहिल्यांदा सुरू करताना नळ्यांत आणि टेन्शनरमध्ये तेल नसेल, त्यात चेन उडणार नाही ना?

उत्तर ४ : दुहेरी_रोलर

स्प्रिंग आतून चेन धरून ठेवते, त्यामुळे उडणार नाही. तरी लगेच स्टार्ट करू नका. बॅटरी सुटलेली असतानाच इंधन पंपाचा रिले आणि सीडीआय (इग्निशनच्या) बॉक्सचा प्लग काढा, कारण त्या बॉक्समध्ये शेकडो व्होल्ट तयार होतात. मग बॅटरी जोडून स्टार्टर दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती देत फिरवा, तेलदाबाचा काटा उचलेपर्यंत. बॅटरी परत सोडून सगळं जोडा आणि इंजिन सुरू करा. सुरुवातीचा आवाज तेल पोहोचताच शांत व्हायला हवा. एका मिनिटात थांबला नाही तर इंजिन बंद करून ती पिन खरंच निघाली आहे का ते पाहा.

चालू इंजिनावर टॉर्चने दोन्ही कव्हरं आणि नळ्यांचे सांधे तपासा. गळती असेल तर वॉशर बदला. बोल्ट आणखी आवळून ती थांबत नाही, फक्त आटे जातात. तेलाची पातळी तेल तापलेलं, इंजिन आयडलवर आणि गाडी सपाटीवर असतानाच मोजा. ड्राय संप आहे, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत असतं; बंद इंजिनावर दांडी कोरडी दिसली म्हणून तेल ओतत बसलात तर जास्त होईल.