वरच्या पट्टीत गाताना गळा आवळतो, काय करू?

मंडळी, गाण्यातल्या जाणकारांची मदत हवीये. मी आमच्या भजनी मंडळात गातो, रीतसर शिकलेलो नाही, ऐकून ऐकूनच जमवलंय. आमच्या बुवांची पट्टी पांढरी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या पांढऱ्या पट्टीवर सा, ती काही माझ्यासाठी खाली यायची नाही (पेटीवाल्याला त्याहून खालची काळी एक म्हणून बघितलं, तो नुसता हसला). तार सापर्यंत (वरच्या सप्तकातल्या सापर्यंत) ठीक जातं, पण गजर चढला आणि तार रे-गवर गेलो की हनुवटी आपोआप वर, मानेच्या शिरा टरारून फुगतात आणि आवाज एकतर चिरकतो नाहीतर मधेच चोरटा (पातळ, खोटा) होतो, मग टाळ-पखवाजात तो कुणाला ऐकूच जात नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोनवर घसा घोगरा.

त्यात सकाळी सीएसएमटीच्या लोकलमध्येही भजन असतं, तिथे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही म्हणून अजूनच जोर लागतो. घरी रियाज म्हणाल तर वन आरके, भिंतीपलीकडे तान्हं बाळ, तार गंधार लावायचा कुठे? यूट्यूबवर जो तो 'पोटातून गा' म्हणतो, पण म्हणजे नेमकं करायचं काय ते कुणी सांगत नाही. चोरटा न करता छातीच्या जाड आवाजात तिथे पोचता येतं का?

प्रतिसाद १: दादा, पांढरी चारचा तार ग म्हणजे सेकंदाला साधारण ४४० कंपनं. पुरुषांच्या आवाजाचा सांधा (जाड आवाज संपून पातळ सुरू होतो ती जागा) बहुतेकांना त्याच्या आधीच, तार साच्या आसपास लागतो, त्यामुळे खालचा जाड आवाज तसाच्या तसा वर ढकलला तर गळा आवळणारच. वर जाताना जोर वाढवायचा नाही, उलट थोडा कमी करायचा, आवाज जरा पातळ होऊ द्यायचा. 'पोटातून' म्हणजे पोट आवळणं नाही हो, श्वास भसकन न सोडता फासळ्या फुललेल्या ठेवून जपून सोडायचा. 'आ'वर जबडा फाकू नका, किंचित 'ओ'कडे झुकवा. घरी ग्लासात बोटभर पाणी घेऊन स्ट्रॉमधून बुडबुडे काढत सूर वर-खाली न्या, बाळ उठणार नाही. लोकलमध्ये मात्र कोरसच धरा, खडखडाटावर मात करायला गेलात तर संध्याकाळी गायला घसा उरायचा नाही. आणि घोगरेपणा दोन-तीन आठवडे राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्या, काढे पीत बसू नका.

मूळ लेखक: स्ट्रॉचं आजच करून बघतो. पण 'विठ्ठला'तला शेवटचा 'ला' नेमका तार गवरच येतो, तो 'लो' केला तर बुवा मंडळातून काढतील!

प्रतिसाद १: तोंडात झुकवा, ऐकणाऱ्याला 'ला'च ऐकू येतो. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि चार पावलं लांब ठेवून ऐका.